नाव, नक्षी आणि सांधा : वसाहतकालीन अमेरिकन फर्निचरच्या समीक्षेतील एक प्रश्न

अमेरिकेतील वसाहतकालीन फर्निचरच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ सामान्यतः १८९१ पासून धरला जातो. त्या वर्षी हार्टफर्ड येथील एक वैद्यकव्यवसायी, आयर्विंग व्हिटॉल लायन, ह्यांनी न्यू इंग्लंडमधील जुन्या फर्निचरविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मृत व्यक्तींच्या मालमत्तेच्या याद्या, मृत्युपत्रे आणि जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिराती चाळून, कोणती वस्तू कोणत्या काळात घरोघर होती, तिला तेव्हा काय म्हणत आणि तिची किंमत किती लावली जाई, एवढेच लायन ह्यांनी निश्चित करू पाहिले. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, ल्यूक व्हिन्सेंट लॉकवुड ह्यांचा ग्रंथ आला. १९०९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हडसन-फुल्टन उत्सवानिमित्त प्रदर्शन भरले. १९२४ मध्ये त्याच संग्रहालयाचा अमेरिकन विभाग उघडला. आणि १९५१ साली हेन्री फ्रान्सिस द्यू पाँ ह्यांचे विंटरथर येथील घरच संग्रहालय म्हणून खुले झाले. साठ वर्षांच्या ह्या अवधीत माळ्यावर धूळ खात पडलेली ओकची पेटी कलावस्तू म्हणून प्रतिष्ठा पावली. परंतु तिला ही प्रतिष्ठा मिळत असता तिच्यासंबंधी विचारला जाणारा प्रश्नही पालटला. लायन ह्यांचा प्रश्न वस्तूविषयी होता. पुढील पिढीचा मुख्य प्रश्न झाला तो असा, की ही वस्तू कोणाच्या हातची?

हा प्रश्न चित्रकलेच्या समीक्षेतून उचललेला आहे, हे उघड आहे. चित्राच्या बाबतीत तो सार्थ ठरतो, कारण तेथे एका हाताने आरंभिलेले काम बहुधा त्याच हाताने संपते आणि त्या हाताची लकब रंगाच्या फटकाऱ्यात उमटते. सतराव्या शतकातील सुतारकामाला हे गृहीत कितपत लागू पडते, ह्याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. त्या काळच्या वस्तूंवर करणाऱ्याची सही जवळजवळ नसतेच. सही नाही म्हटल्यावर समीक्षकांनी कोरीव नक्षीलाच सहीचा मान दिला. ह्यातून काय घडले हे पाहण्यास मॅसॅच्युसेट्समधील इप्सविच गावाचे उदाहरण पुरेसे बोधक आहे.

इप्सविच येथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉमस डेनिस नावाचा सुतार काम करीत होता. त्याच्या वंशजांकडे पिढ्यानुपिढ्या जपलेल्या काही वस्तू होत्या, आणि त्या त्याच्याच हातच्या असल्याची परंपरागत समजूत होती. आयर्विंग व्हिटॉल लायन ह्यांचे पुत्र आयर्विंग फिलिप्स लायन, हेही व्यवसायाने डॉक्टरच, ह्यांनी १९३७-३८ साली ‘अँटिक्स’ मासिकात एक दीर्घ लेखमाला लिहिली. डेनिस-कुटुंबातील वस्तूंवरील नक्षी प्रमाण धरून, तिच्याशी साम्य असलेल्या इतर पेट्या, खुर्च्या व पेटिका त्यांनी एकामागून एक डेनिसच्या नावे लावल्या. पित्याने कागदपत्रांतून वस्तू शोधली होती. पुत्राने वस्तूतून माणूस शोधला. लेखमालेतील परिश्रम वादातीत आहेत. तिच्यातून एका अज्ञात सुताराच्या जागी न्यू इंग्लंडचा एक आद्य कलावंत उभा राहिला, आणि त्याचे स्वागतही तसेच झाले.

१९६० मध्ये हेलन पार्क ह्यांनी ह्या निर्णयांची फेरतपासणी केली आणि एसेक्स परगण्यात त्याच काळी लाकूडकाम करणारे इतरही अनेक जण होते, ह्याकडे लक्ष वेधले. त्यांपैकी विल्यम सर्ल ह्याचे प्रकरण विशेष गुंतागुंतीचे आहे. सर्ल हा इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या ऑटरी सेंट मेरी गावचा. तो इप्सविचला आला आणि १६६७ मध्ये वारला. पुढील वर्षी त्याच्या विधवेशी, ग्रेसशी, डेनिसने विवाह केला. मृताचे घर डेनिसकडे आले, तेव्हा हत्यारे आणि त्याने स्वतःसाठी बनविलेल्या वस्तूही आल्या असणे स्वाभाविक आहे. मग डेनिसच्या वंशजांनी जपलेली वस्तू डेनिसची की सर्लची? नक्षी ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, कारण पाने, फुले व पट्ट्यांची ती भरगच्च गुंफण डेव्हनमधील कोरीव कामाच्या परंपरेतली आहे आणि दोघांचेही हात त्याच परंपरेत तयार झालेले दिसतात. समीक्षकाने ज्याला व्यक्तीची सही मानले ती एका परगण्याची बोली निघाली. एखाद्या गावातील दोन माणसे एकाच हेलात बोलतात म्हणून ती एकच व्यक्ती ठरत नाही.

येथवर झालेला वाद केवळ नावाचा आहे असे कोणी म्हणेल. वास्तविक त्यात अधिक मूलभूत गोष्ट गुंतलेली आहे. नक्षी हीच सही मानली की पेटीची दर्शनी बाजू हीच पेटी ठरते. आणि ह्या पेट्यांतील जी बुद्धी आहे ती बरीचशी दर्शनी बाजूच्या मागे आहे.

ओकची अशी पेटी बनविण्याची क्रिया करवतीपासून सुरू होत नाही. नुकताच तोडलेला ओंडका पाचरी मारून मधोमध फोडावयाचा, अर्ध्याचे पाव करावयाचे, पावाचे आणखी भाग करावयाचे, आणि असे गाभ्यापासून सालीकडे जाणारे फाळके काढावयाचे, ही त्या सुतारांची रीत होती. लाकूड ज्या रेषेने स्वतः फुटते ती त्याच्या तंतूंचीच रेषा असल्यामुळे अशी फळी बळकट असते, वाळताना कमी वाकते, आणि तिच्या अंगावर ओकच्या गाभ्याकडून निघणाऱ्या किरणांची चकाकी उमटते. अशा फाळक्याचा छेद मात्र पाचरीसारखा असतो : एक कड जाड, एक पातळ. सुतार तिची दर्शनी बाजू रंध्याने साफ करी आणि आतली बाजू कुऱ्हाडीने वा वाकसाने कामापुरती सारखी करून सोडून देई. पेटीत हात घालून पाहिले तर हे घाव आजही बोटांना लागतात. पूर्वीच्या वर्णनकारांनी ह्याला ओबडधोबडपणा म्हटले. पण काय साफ करावे आणि काय करू नये ह्याचा हा निर्णय आहे, आणि तो प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी घेतलेला दिसतो.

सांध्याची रचना ह्याहून सूक्ष्म आहे. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू कोरून ते उभ्या खांबाच्या खाचेत बसवावयाचे आणि आरपार भोक पाडून त्यात लाकडी खुंटी ठोकावयाची, एवढे कोणाही सुताराला ठाऊक असते. ह्या पेट्यांत मात्र खांबातील भोक आणि कुसवातील भोक मुद्दाम एका रेषेत ठेवलेली नसतात. कुसवातील भोक किंचित आतल्या बाजूस सरकवलेले असते. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत जाते आणि कुसवाला खाचेत ओढून धरते. सरसाची गरज पडत नाही. चौकटीतील फळ्या तर कशानेच जखडलेल्या नसतात. त्या खोबणीत सैल बसविलेल्या असतात, जेणेकरून दमट हवेत फुगावयास आणि कोरड्या हवेत आकसावयास त्यांना वाव राहावा. साडेतीनशे वर्षांनंतर ह्या पेट्या उभ्या आहेत, त्याचे श्रेय दर्शनी पानाफुलांना देता येत नाही. रॉबर्ट टॅरूल ह्यांनी २००४ मध्ये डेनिसवर लिहिलेल्या ग्रंथात हीच बाजू पुढे आणली. झाड, हत्यार, शेजार आणि गिऱ्हाईक ह्यांच्यामधून त्यांनी सुताराकडे पाहिले. तसेच जेनी अलेक्झांडर व पीटर फॉलन्सबी ह्यांचे २०१२ चे पुस्तक ओल्या ओकपासून बैठकीचे लहान स्टूल बनविण्याची कृती सांगते, आणि ती सांगता सांगता जुन्या वस्तूंवरील हत्यारांच्या खुणा कशा वाचाव्यात हेही शिकविते. संग्रहालयांच्या जाडजूड सूचीग्रंथांपेक्षा हे छोटे पुस्तक काही बाबतींत अधिक उपयोगी आहे, हे म्हणणे धाडसाचे वाटले तरी खोटे नाही.

दर्शनी बाजूवर विसंबण्याचा धोका एका प्रसंगाने फारच ठळकपणे उघड केला. प्लिमथच्या पिलग्रिम हॉलमध्ये विल्यम ब्रूस्टरची म्हणून प्रसिद्ध असलेली, कातीव दांड्यांनी भरलेली एक भव्य खुर्ची आहे. १९६९ मध्ये ऱ्होड आयलंडमधील शिल्पकार आर्मंड लामाँटेन ह्यांनी तशीच एक खुर्ची बनविली, तिला कृत्रिमरीत्या जुनाट रूप दिले आणि ती आपले नाव न सांगता जगात सोडून दिली. तज्ज्ञांना फसविता येते हे दाखविण्याचा त्यांचा हेतू होता. १९७० मध्ये डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्यूझियमने ती ९,००० डॉलर्सना विकत घेतली. १९७७ मध्ये खरा प्रकार बाहेर आला. दांड्या बसविण्यासाठी पाडलेली भोके लामाँटेन ह्यांनी आधुनिक गिरमिटाने पाडली होती, आणि हे क्ष-किरण चित्रात दिसून आले. सतराव्या शतकातील चमच्यासारख्या टोकाच्या गिरमिटाने पाडलेल्या भोकाचा तळ गोलसर असतो. म्हणजे ती खुर्ची जुनी नाही ह्याची साक्ष तिच्या अंतर्भागात पहिल्या दिवसापासून होती. त्या संग्रहालयाने पुढे ती खुर्ची लपवून न ठेवता अभ्यासाचे साधन म्हणून जतन केली, ही गोष्ट प्रांजळपणाची म्हटली पाहिजे.

अठराव्या शतकात वस्तुस्थिती पालटते. जाड ओकच्या चौकटीऐवजी करवतीने कापलेल्या पातळ फळ्यांचे काम येते. त्या फळ्या कोपऱ्यांत पारव्याच्या पसरट शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत गुंतवून, म्हणजे डव्हटेल सांध्याने, जोडल्या जातात. सरस आवश्यक होतो. आणि जॉइनर म्हणविणाऱ्या सुताराशेजारी कॅबिनेट-मेकर हा नवा व्यावसायिक उभा राहतो. ह्या काळात नावेही मिळू लागतात : चिठ्ठ्या, सह्या, बिले, हिशेबाच्या वह्या. नावाच्या शोधात असलेल्या समीक्षेला येथे तरी खंबीर आधार मिळाला असता. पण ज्या कागदांतून नाव मिळते तेच कागद एकहाती निर्मितीची कल्पना मोडीत काढतात. फिलाडेल्फियाच्या जॉन कॅडवॉलडर ह्यांच्या घरासाठी टॉमस ॲफ्लेक ह्याने १७७०-७१ मध्ये जे सामान पुरविले ते अमेरिकन फर्निचरचा एक उत्कर्षबिंदू मानले जाते. ॲफ्लेकच्या बिलात कोरीव कामाची रक्कम वेगळी दाखविली आहे, आणि ती जेम्स रेनॉल्ड्स तसेच बर्नार्ड व जुझिए ह्या कोरक्यांच्या नावे आहे. ज्या पंजांचे आणि पानांचे गुणगान ॲफ्लेकच्या नावे झाले ते ॲफ्लेकने कोरलेलेच नव्हते.

ह्याहून उद्बोधक आहे ते १७७२ साली फिलाडेल्फियात छापलेले कॅबिनेट व खुर्चीकामाचे दरपत्रक. त्यात प्रत्येक वस्तूचा अक्रोडातील दर आणि मॅहॉगनीतील दर स्वतंत्र दिला आहे. साध्या पायाऐवजी पंजाचा पाय हवा असल्यास, गुडघ्यावर पाने कोरावयाची असल्यास, वाढीव दर नमूद केले आहेत. आणि रोजंदारीच्या कारागिराला त्यातून काय द्यावयाचे तेही लिहिले आहे. एखाद्या खुर्चीवर नक्षी किती असावी हे ठरविताना गिऱ्हाइकाची ऐपत आणि कारागिराची मजुरी ह्या दोहोंचा हात होता. एका खुर्चीची नक्षी संयत आहे म्हणून तिच्या कर्त्याच्या अभिरुचीची स्तुती करणाऱ्या समीक्षकाने हे दरपत्रक एकदा डोळ्यांखालून घालणे इष्ट होय. तो संयम कित्येकदा केवळ काटकसरीचा असतो.

ह्याचा अर्थ व्यक्तिगत प्रतिभा अशी वस्तूच नव्हती, असा मात्र नव्हे. न्यूपोर्टच्या टाउनसेंड व गॉडर्ड ह्या क्वेकर घराण्यांकडे पाहिले म्हणजे ती मान्य करावीच लागते. दोन्ही घराणी विवाहसंबंधाने जोडलेली होती. जॉब टाउनसेंडची कन्या जॉन गॉडर्डला दिलेली होती. मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील जॉन टाउनसेंडचे १७६५ चे खणांचे कपाट ह्या गावाच्या शैलीचा नमुना आहे : दर्शनी भाग तीन उभ्या पट्ट्यांत विभागलेला, कडेच्या दोन पुढे आलेल्या, मधली आत गेलेली, आणि तिन्हींच्या माथ्यावर शिंपले. छायाचित्रात हे शिंपले शिल्पासारखे भासतात, म्हणून न्यूपोर्टचा गौरव बहुधा शिल्पाच्या परिभाषेत होतो. तथापि बाहेर आलेले शिंपले बहुधा वेगळे कोरून सरसाने चिकटविलेले असतात आणि आत गेलेला मात्र फळीतच कोरलेला असतो, हे त्या परिभाषेत सांगता येत नाही. टाउनसेंडच्या खणांचे बारीक व काटेकोर डव्हटेल, खणाखणांवर क्रमासाठी पेन्सिलीने लिहिलेली अक्षरे, हेही त्यात बसत नाही.

न्यूपोर्टच्या उंच पायांच्या कपाटांत तर अंतर्रचनेचा गुण बाह्य गुणाच्या बरोबरीने उभा राहतो. इतर गावांत खालच्या भागाच्या बाजूच्या आडव्या फळ्या पायाच्याच वर वाढविलेल्या उभ्या खांबांत कुसवांनी जखडलेल्या असत. आडव्या तंतूंची रुंद फळी हवेप्रमाणे उंचीत कमीजास्त होऊ पाहते आणि उभ्या तंतूंचा खांब तिला तसे करू देत नाही. परिणामी फळी चिरते. बॉस्टन आणि फिलाडेल्फियाच्या सुंदर कपाटांच्या कुशीत ही चीर वारंवार भेटते. न्यूपोर्टच्या कारागिरांनी खालचा भाग डव्हटेलने जोडलेल्या स्वतंत्र खोक्यासारखा बांधला आणि पाय वेगळे करून आतून बसविले. ओकच्या पेटीतील सैल फळीमागे जी समज होती तीच येथे वेगळ्या वेषात पुन्हा अवतरते. नक्षीच्या इतिहासात ह्या दोन वस्तूंचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही.

बाजाराला अर्थातच ह्या चिकित्सेत रस नव्हता. १९५० मध्ये विक्रेते आल्बर्ट सॅक ह्यांनी एका पुस्तकात एकाच प्रकारच्या वस्तूंची तीन तीन छायाचित्रे शेजारी ठेवून त्यांना चांगली, अधिक चांगली व सर्वोत्तम अशा पायऱ्या लावल्या. सॅक ह्यांची नजर तयार होती, आणि पायाच्या वळणाविषयी किंवा प्रमाणबद्धतेविषयी त्यांनी केलेली निरीक्षणे आजही वाचण्यासारखी आहेत. परंतु छायाचित्रात जे येत नाही ते त्यांच्या तराजूतही येत नाही, आणि शहरी नमुना हाच मापदंड धरल्यामुळे खेड्यातील काम आपोआप पहिल्या पायरीवर राहते. नावाला मिळणारे मोलही वाढत गेले. प्रॉव्हिडन्सच्या निकोलस ब्राऊनसाठी बनविलेले लेखनाचे कपाट १९८९ मध्ये एक कोटी एकवीस लाख डॉलर्सना विकले गेले. एवढी रक्कम ज्या निर्णयावर अवलंबून असते तो निर्णय निरपेक्ष राहणे कठीण असते.

खेड्यातील कामाचा पक्ष मांडला तो रॉबर्ट ट्रेंट ह्यांनी, १९७७ साली, कनेटिकटच्या किनाऱ्यावरील खुर्च्यांवरच्या एका छोट्या ग्रंथात. ह्या खुर्च्यांच्या पाठीच्या माथ्यावर बदाम व मुकुट कोरून काढलेले असतात. त्या शहरी खुर्चीच्या बिघडलेल्या नकला आहेत, अशी रूढ समजूत होती. फ्रेंच कलामीमांसक आन्री फोसियों ह्यांच्या लोककलाविषयक विवेचनाचा आधार घेऊन ट्रेंट ह्यांनी दाखविले, की मूळ शहरी आकार एकदा गावात आला म्हणजे तो लाकडी साच्यांच्या रूपाने कारखान्यात टिकतो, आणि पुढील पिढ्या त्याच आकाराचे अंशभाग आपल्या हिशेबाने जुळवीत व सोपे करीत जातात. ह्या क्रियेला स्वतःचा तर्क असतो. लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टनच्या डॉमिनी घराण्याविषयी चार्ल्स हमेल ह्यांचा १९६८ चा ग्रंथ ह्याला दुसऱ्या बाजूने पुष्टी देतो. तेथे तीन पिढ्यांची हत्यारे, हिशेबाच्या वह्या, साचे आणि वस्तू ही सर्व सामग्री एकत्र राहिली. हजाराहून अधिक हत्यारे आज विंटरथरला आहेत. डॉमिनींना न्यूपोर्ट माहीत नव्हते असे नाही. त्यांच्या गिऱ्हाइकांना न्यूपोर्ट नको होते.

इंग्लंडमधील डेव्हिड पाय ह्यांनी १९६८ मध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडतो. ज्या कामात शेवटच्या क्षणापर्यंत वस्तू बिघडण्याची शक्यता हातावर अवलंबून असते त्याला ते जोखमीची कारागिरी म्हणतात, आणि तिच्यातही नियमबद्ध व मुक्त असे प्रकार मानतात. इप्सविचच्या पेटीत पुढची बाजू नियमबद्ध आणि मागची मुक्त आहे. आणि एकाच वस्तूत दोहोंची वाटणी कशी करावी हे ज्याला कळते तो कारागीर, असे तीवरून म्हणता येते. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात १९१७ पासून आनंद कुमारस्वामी भारतीय कलेचे काम पाहत होते. उपयुक्त वस्तू व कलावस्तू ह्यांमधील भेदच त्यांना मान्य नव्हता. त्याच वास्तूत कारोलिक दांपत्याने दिलेला अठराव्या शतकातील फर्निचरचा समृद्ध संग्रह आहे. कुमारस्वामींच्या दृष्टीचा त्या संग्रहाच्या समीक्षेला स्पर्श झाला असता, तर ती कदाचित सांध्याकडे लवकर वळली असती.

सांध्याच्या साक्षीलाही मर्यादा आहेत, आणि त्या मॅहॉगनीच्या बाबतीत स्पष्ट होतात. १७२१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतील लाकडावरील आयातकर उठविल्यानंतर हे लाकूड प्रथम मुख्यतः जमेकाहून आणि पुढे हाँडुरासच्या उपसागरातून मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. दाट रानात मॅहॉगनीची झाडे विखुरलेली असतात; ती हेरणे, तोडणे आणि ओंडके नदीपर्यंत ओढणे हे काम गुलामांकडून करवून घेतले जाई. जेनिफर अँडरसन ह्यांनी २०१२ मध्ये हा इतिहास तपशिलाने मांडला. न्यूपोर्टच्या शिंपल्याचा तलम पोत ह्या रानातून आला होता; खणाच्या मागे हात घातला तरी हे कळत नाही.

दक्षिणेत हा प्रश्न खुद्द कारखान्यातच येतो. चार्ल्स्टन येथील कॅबिनेट-मेकर टॉमस एल्फ ह्याची १७६८ ते १७७५ ची हिशेबवही शिल्लक आहे. तेवढ्या काळात सुमारे दीड हजार वस्तू त्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्याची नोंद तीत सापडते, आणि त्याच्या कारखान्यात गुलाम कारागीर काम करीत असत. साखळीसारख्या दिसणाऱ्या एका जाळीदार पट्टीवरून विसाव्या शतकातील अभ्यासकांनी चार्ल्स्टनमधील पुष्कळ कपाटे एल्फच्या नावे लावली. ही पट्टी गावातील इतर कारखानेही वापरीत असावेत, असा आक्षेप पुढे आला आणि तो सयुक्तिक आहे. इप्सविचमध्ये झालेली चूक येथे जशीच्या तशी घडली. मात्र चार्ल्स्टनच्या वादात एल्फ की दुसरा कोणी, एवढाच विकल्प विचारात घेतला गेला. ज्यांनी ती पट्टी करवतीने कापली, ज्यांनी खणांचे डव्हटेल पाडले, त्यांचा प्रवेश हिशेबवहीत मालमत्ता म्हणून आहे आणि संग्रहालयाच्या चिठ्ठीवर कोठेच नाही. खणाच्या तळाशी त्यांच्या रंध्याच्या खुणा आहेत.